शहरातलं शेत: भाजी थोडी, हिशेब मोठा

दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत दहा वाफे, कोपऱ्यात पाचोळ्याचा वाफाळता ढीग, चार कोंबड्या, पाण्याची टाकी आणि जागोजागी फलक. शहरातलं शैक्षणिक शेत पहिल्यांदा बघणाऱ्याला साधारण एवढंच दिसतं. बाहेर पडताना बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो: एवढ्याशा तुकड्यात पिकून पिकणार किती, आणि त्यावर कोणाचं पोट भरणार?

कोणाचंच नाही. हे उत्तर आधीच देऊन टाकलेलं बरं, कारण 'शहर आपलं अन्न आपणच पिकवेल' या भाबड्या आशेतून अशा शेतांबद्दलचे बरेचसे गैरसमज येतात.

## आधी पोटाचं गणित

प्रौढ माणसाला दिवसाला २,२०० किलोकॅलरी लागतात असं धरू. १०० ग्रॅम पालेभाजीतून मिळतात २० ते २५. म्हणजे नुसत्या पाल्यावर जगायचं तर रोज नऊ ते अकरा किलो पाला चघळावा लागेल. ते काम गुरांचं. माणसाचं पोट भरतं धान्यावर. गव्हाच्या एका किलोत सुमारे ३,४०० किलोकॅलरी असतात, तेव्हा एका माणसाला वर्षाला अंदाजे २३६ किलो गहू लागेल. गव्हाचं जागतिक सरासरी उत्पादन हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास आहे, म्हणजे चौरस मीटरला ३५० ग्रॅम. भागाकार केला की उत्तर येतं: माणशी सुमारे ६७५ चौरस मीटर शेत. दहा लाख वस्तीच्या शहराला ६७५ चौरस किलोमीटर. यात बियाणं, नासधूस, जनावरांचा चारा काहीच धरलेलं नाही.

उलट उदाहरण म्हणून हवानाचं नाव हमखास घेतलं जातं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, क्यूबाचं इंधन आणि खत आटलं, आणि राजधानीतल्या पडीक भूखंडांवर 'ऑर्गानोपोनिको' नावाचे बांधीव वाफे उभे राहिले. शहराला त्यांनी ताजी भाजी दिली, आणि ती भरपूर दिली. धान्य मात्र क्यूबा बाहेरूनच आणत राहिला.

शैक्षणिक शेतांचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. लंडनच्या केंटिश टाउनमधलं शेत १९७२ सालचं. मेलबर्नचं 'सेरेस' १९८२ मध्ये सुरू झालं ते एका जुन्या दगडखाणीत, जिथे त्याआधी कचरा टाकला जात होता. अन्न कुठून येतं आणि जमिनीला त्याची काय किंमत पडते, हे शहरातल्या माणसाला डोळ्यांनी दिसावं म्हणून ही जागा. त्यामुळे तिथली भाजी हे त्या शेताचं मुख्य पीक नसतंच.

## 'शाश्वत' म्हणजे मुद्दल शाबूत

शाश्वत शेतीच्या व्याख्या पानभर आहेत. मराठीत त्यासाठी एक जुनी सोय आहे: मुद्दल आणि व्याज. जमिनीतली अन्नद्रव्यं, सेंद्रिय पदार्थ, ओल आणि त्यातले जीव हे मुद्दल. पीक हे व्याज. मुद्दलाला हात न लावता जी शेती पिढ्यानपिढ्या चालू शकते ती शाश्वत.

मुद्दलाला हात लागतो कसा? एक टन गहू शेतातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे २० किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, आणि साडेतीन किलो फॉस्फरस निघून जातो. हे दाणे शहरात येतात, खाल्ले जातात आणि गटारात जातात. शेताकडे परत येत नाहीत. जणू एका खात्यातून रोज पैसे निघताहेत आणि भरणा शून्य.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात ही गोष्ट १८४३ पासून एकाच शेतात मोजली जाते आहे. त्या शेताच्या एका पट्टीत तेव्हापासून गहू पेरतात आणि खत अजिबात घालत नाहीत. तिथे आजही पीक येतं, पण हेक्टरी टनाच्या आसपास. शेजारच्या खत घातलेल्या पट्ट्यांत त्याच्या कितीतरी पट. जमीन मरत नाही, ती गरीब होते आणि गरिबीतच थांबते.

मग आजवर जगाचं भागलं कसं? रासायनिक खताने. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला तो घेताच येत नाही. फ्रिट्झ हाबर यांनी तो फोडून अमोनिया करण्याची रीत शोधली आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये तिचा कारखाना चालवून दाखवला. चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो, आणि ही ऊर्जा येते मुख्यतः नैसर्गिक वायूतून. या खताला शिव्या देणं सोपं आहे. आज ते बंद केलं तर जगातल्या जवळपास निम्म्या लोकसंख्येच्या ताटावर परिणाम होईल, हेही तितकंच खरं. खटकतं ते वेगळंच: आपण एका टोकाला महागडी ऊर्जा जाळून नत्र पकडतो आणि दुसऱ्या टोकाला तेच नत्र कचऱ्यात आणि सांडपाण्यात सोडून देतो.

शहर हे त्या गळतीचं टोक आहे, आणि शहरातलं शेत बरोबर तिथेच बसलेलं असतं. म्हणून तिथला सर्वांत महत्त्वाचा कोपरा वाफ्यांचा नसतो, ढिगाचा असतो.

## ढीग तापतो कशामुळे

कंपोस्टचा ढीग म्हणजे संथ शेकोटी. तिला जळण लागतं, हवा लागते, आणि खऱ्या शेकोटीला चालत नाही ते पाणीही लागतं. जाळणारे असतात सूक्ष्मजीव. त्यांना दोन प्रकारचं खाणं हवं: ऊर्जेसाठी कर्ब (कार्बन), शरीर बांधायला नत्र. वजनाने नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग पडले की ढीग उत्तम चालतो. यालाच कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात. व्यवहारात तराजू नको. एक बादली ओला कचरा, दोन ते तीन बादल्या सुका पाचोळा, एवढं पुरतं. लाकडाचा भुसा मात्र जपून घालावा. त्यात नत्राच्या शेकडो पट कर्ब असतो, आणि त्याचा मोठा थर ढीग थंड पाडतो.

तळाला बोटाएवढ्या काटक्यांचा वीतभर थर द्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर पाचोळा आणि ओला कचरा आलटून पालटून. सर्वांत वर नेहमी पाचोळाच. चिलटं आणि उंदीर यांच्यावरचा हा सर्वांत स्वस्त इलाज आहे. ढीग लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून किमान एक मीटर हवा. त्याहून लहान ढीग कुजतो, पण तापत नाही, कारण आतली ऊब चहूबाजूंनी निसटते. ओल किती असावी हे बघायला मूठभर माल घट्ट पिळा: बोटांच्या फटीत एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी.

सगळं जमलं तर दोन-चार दिवसांत मधला भाग ५५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. रोगजंतू आणि तणांचं बी मारायचं तर हे तापमान सलग किमान तीन दिवस टिकावं लागतं. लांब दांड्याचा तापमापक नसेल तर एक लोखंडी सळई ढिगाच्या मध्यात खुपसून दहा मिनिटांनी काढा. आतलं टोक हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. ६५ अंशांच्या वर जाऊ लागला किंवा तापून पुन्हा गार होऊ लागला की खालवर करायचा, आणि बाहेरचा माल आत घालायचा, कारण कडेचा माल तापलेलाच नसतो. ही पायरी आळसापोटी गाळली जाते आणि मग पुढल्या मोसमात वाफ्यात तण उगवतं.

बिघाड नाकाला आधी कळतो. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालंय, पाचोळा वाढवा. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही. ढीग उलटा आणि काटक्या मिसळा. काहीच वास नाही आणि काहीच होत नाही, तर बहुधा तो कोरडा पडलाय.

खत काळं दिसलं की तयार झालं असं नाही. तापणं थांबल्यावर त्याला आणखी महिना-दोन महिने मुरू द्यावं लागतं. खात्री करायची तर ओंजळभर ओलं खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाचा मातकट वास यायला हवा, आंबूस नको. कच्चं खत वाफ्यात पडलं तर ते पिकाच्या वाट्याचं नत्र खाऊन स्वतःचं कुजणं पूर्ण करतं आणि रोपं पिवळी पडतात. मग दोष 'सेंद्रिय'वर येतो.

एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे, जी फलकावर क्वचितच लिहिलेली असते. आपण अन्नातून जे नत्र खातो त्याचा मोठा भाग लघवीवाटे बाहेर जातो. स्वयंपाकघरातला कचरा ढिगात घातला तरी भरपाई होते ती गळतीच्या लहान हिश्शाचीच.

## गाठ कापून बघा

खात्यात नत्र भरण्याचा दुसरा मार्ग कारखान्याशिवाय चालतो. घेवडा, वाटाणा, चवळी अशा शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेतलं नत्र पकडून ते झाडाला देतात आणि बदल्यात साखर घेतात. हाबर यांना पाचशे अंश लागले ते काम हे साध्या मातीच्या तापमानाला करतात.

हे ऐकून पटत नाही, पाहून पटतं. फुलोऱ्यावर आलेलं घेवड्याचं रोप उपटू नका. खुरप्याने मातीसकट उचला आणि बादलीतल्या पाण्यात मुळं हलकेच हलवा. मोहरीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने कापा. आतून गुलाबी-लालसर असेल तर कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा असतो. पांढरी म्हणजे अजून सुरू व्हायचाय, हिरवट किंवा तपकिरी म्हणजे बंद पडलाय. गाठीच नसतील तर त्या मातीत योग्य जिवाणू नसावेत, किंवा मातीत आधीच भरपूर नत्र असावं. आयतं मिळतंय तर झाड कशाला साखर खर्च करेल?

शेंगा तोडून झाल्यावर रोप उपटून फेकलं तर मात्र फायदा फारसा उरत नाही. जमिनीलगत कापून मुळं आत राहू द्यायची, आणि पुढच्या हंगामात त्याच वाफ्यात नत्राची भूक असलेलं पीक, म्हणजे पालेभाजी किंवा कोबी, लावायचं. फेरपालटीचं मूळ कारण हेच. दुसरं कारण रोगाचं: टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली मंडळी, त्यांचे मातीतले रोगही सामाईक. एका वाफ्यात त्यांचा नंबर तीन-चार वर्षांनीच यावा.

## "पण शहरातल्या मातीत पिकलेलं खायचं का?"

हा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि 'सेंद्रिय आहे' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. पेट्रोलमध्ये दशकानुदशकं शिसं मिसळलं जात होतं; वाहनांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जेरिया, त्याने २०२१ मध्ये थांबवलं. जुन्या रंगांतही शिसं असे. शिसं कुजत नाही, उडून जात नाही. रस्त्याकडेच्या आणि जुन्या भिंतींच्या पायथ्याच्या मातीत ते आजही बसलेलं आहे.

म्हणून पहिलं काम माती तपासणी. वरच्या १५ सेंटिमीटर थरातून दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करून नमुना घ्यावा; भिंतीलगतचा नमुना वेगळा. त्यात मिसळला तर सरासरीत तो लपून जातो. प्रयोगशाळेला जड धातू तपासायचे आहेत असं स्पष्ट सांगावं लागतं, कारण नेहमीच्या तपासणीत फक्त सामू (आम्ल-अल्कतेचं माप, pH) आणि अन्नद्रव्यं येतात.

शंका असली तर गादीवाफे. तळाला पाणी झिरपू देणारं जाड कापड, वर बाहेरून आणलेली स्वच्छ माती. रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि कोणी वाफ्यात पाय देत नाही. ३ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर खोल वाफ्याला सुमारे १,०८० लिटर माल लागतो: दोन भाग माती, एक भाग खत. पहिल्या वर्षात तो चांगलाच खाली बसतो, ते गृहीत धरूनच भरावा. चौकटीला रेल्वेचे जुने स्लीपर किंवा रसायन पाजलेलं जुनं लाकूड वापरू नये. एकात क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल असतं, दुसऱ्यात आर्सेनिक असू शकतं.

धोका कुठून येतो याचाही क्रम लक्षात ठेवावा. झाडाने मुळातून उचललेलं शिसं बहुधा कमीच असतं. जास्त जातं ते पानांना, कंदांना आणि लहान मुलांच्या हातांना चिकटलेल्या धुळीतून. म्हणून पायवाटा लाकडाच्या चिपांनी झाकणं आणि हात धुणं हे मातीवरच्या कोणत्याही प्रक्रियेइतकंच महत्त्वाचं. संशय असेल तिथे फळभाज्या घ्याव्यात, पालेभाज्या आणि कंद टाळावेत.

उलट्या टोकाची चूकही शहरी शेतांत सर्रास दिसते: खताचा अतिरेक. दरवर्षी वीतभर कंपोस्ट ओतलं की फॉस्फरस साठत जातो आणि पावसाबरोबर गटारात वाहतो. भरलेल्या वाफ्याला वर्षाला एक-दोन सेंटिमीटरचा थर पुरे. ३.६ चौरस मीटरच्या वाफ्याला एक सेंटिमीटर म्हणजे ३६ लिटर, चार लहान बादल्या.

## टाकीचा हिशेब

चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पडला की हजार लिटर, त्यातले ८०० हाती लागतात. पहिल्या सरीचं पाणी छतावरची घाण घेऊन येतं, ते सोडून द्यायचं. आता खर्च: उन्हाच्या दिवसांत भाजीला चौरस मीटरला रोज सुमारे पाच लिटर लागतं. असे दहा वाफे दिवसाला १८० लिटर पितात. हजार लिटरची टाकी साडेपाच दिवसांत रिकामी. म्हणून आधी पाच-सात सेंटिमीटरचं आच्छादन, मग ठिबक, आणि मग मोठी टाकी. या क्रमानेच पैसे घालावेत. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये, खोड सडतं. ठिबकचं छिद्र बुजलेलं कळतं ते एकच रोप माना टाकतं तेव्हा, म्हणून गाळणी दर आठवड्याला धुवावी.

## "फवारणी नाही, मग ही कीड?"

कोवळ्या शेंड्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला की पाहुणे नाक मुरडतात. त्यांना भिंग द्यावं. माव्याच्या गर्दीत काही किडे फुगलेले, तपकिरी, निपचित दिसतात. पाठीला सुईच्या टोकाने पाडल्यासारखं गोल भोक. एका इवल्याशा गांधीलमाशीने त्यांच्या आत अंडं घातलं होतं, अळीने त्यांना आतून खाल्लं, तिची माशी झाली आणि भोक पाडून उडून गेली. अशी मढी दिसू लागली की थांबावं. फवारणी केली तर पहिल्यांदा मरतात त्या या माशा.

ढालकिड्याची अळीही अशीच बदनाम. ठिपकेवाला लाल किडा सगळ्यांना आवडतो, पण त्याची काळी-नारिंगी, मगरीसारखी अळी किडीच्या नावाखाली चिरडली जाते, आणि मावा फस्त करण्यात तीही मागे नसते.

थांबूनही भागलं नाही तर पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला दहा मिलिलिटर साध्या द्रव साबणाचं पाणी, पानांच्या खालून, संध्याकाळी. उन्हात मारलं तर पानं करपतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा. माव्यातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात. आणि मावा वरचेवर येत असेल तर खत कमी करा. जास्त नत्राने पान लुसलुशीत होतं, आणि माव्याला हेच हवं असतं.

## कोंबड्या कोणाचं खातात?

मुलांना कोंबड्या आवडतात, आणि त्या असाव्यात. पण चार कोंबड्या दिवसाला प्रत्येकी १२० ग्रॅम खाद्य खातात, वर्षाला १७५ किलो. ते सगळं धान्यच धरलं तर वरच्या हिशेबाने शेताबाहेर कुठेतरी ५०० चौरस मीटर जमीन त्यांच्यासाठी राबते आहे. दहा वाफ्यांचं क्षेत्र होतं ३६ चौरस मीटर. तेव्हा कोंबडीखताला 'आपलं खत' म्हणताना जरा दबकूनच म्हणावं.

ताजी विष्ठा थेट वाफ्यात नको. मुळं जळतात आणि जंतूंचा धोका असतो. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत, कच्चं शेणखत घातल्यावर मातीला टेकणारं पीक काढायला किमान १२० दिवस थांबावं लागतं. जनावरांना हात लावल्यावर साबण आणि वाहतं पाणीच हवं. मळलेल्या हातांवर सॅनिटायझरचं जेल पुरेसं काम करत नाही.

## "जवळ पिकलं म्हणजे प्रदूषण कमी, नाही का?"

वाटतं तेवढं नाही. बहुतेक अन्नाच्या बाबतीत वाहतुकीचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या दहाव्या हिश्शाहून कमी असतो. मोठा भाग शेतातच होतो. खताच्या अतिरेकातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. विमानाने येणारा नाजूक माल हा अपवाद. 'काय खातो' आणि 'किती फेकतो' हे प्रश्न 'किती किलोमीटरवरून आलं' याच्या बरेच पुढे आहेत, आणि शहरातल्या शेताने हे लपवू नये.

## शेत शिकवतंय की नुसतं सजलंय?

तिथे गेलात तर आधी वजनकाटा शोधा. काट्याशेजारी वही असावी: आज किती किलो ओला कचरा आत आला, किती खत निघालं, किती भाजी बाहेर गेली, बाहेरून काय विकत आणलं. मुद्दल आणि व्याज वेगळं दिसतं ते या वहीत. वही नसेल तर ती बाग आहे, छान असेल, पण बागच.

दुसरं म्हणजे एक बिनखताचा राखलेला वाफा. तेच बी, तेवढंच पाणी, फक्त खत शून्य. पहिल्या वर्षी फरक दिसत नाही, कारण मातीत जुनी शिल्लक असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी रोपांची उंची फलकाविना बोलू लागते. हा वाफा टिकवणं मात्र अवघड. त्याला धोका किडीचा नसतो, कळवळ्याचा असतो. कोणीतरी स्वयंसेवक खुरटलेली रोपं बघतो, त्याला राहवत नाही, आणि जाता जाता घमेलंभर खत तो तिथे टाकून जातो. चार वर्षांचा प्रयोग पुन्हा पहिल्यापासून.